चेमिरोचा आणि दहा शिलिंग

१९५० साली ह्यू ट्रेसी हा संग्राहक आपलं ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन केनियातल्या कपकटेट गावी पोचला. तिथल्या किप्सिगिस मुलींनी त्याला एक गाणं म्हणून दाखवलं. साथीला एक तंतुवाद्य, आणि मुलींचा आवाज फिरून फिरून एकाच शब्दावर येणारा : चेमिरोचा. हा चेमिरोचा अर्धा माणूस आणि अर्धा हरीण. मुली त्याला नाचायला बोलावतात, आणि नाच कसा, तर अंगावरचे कपडे गळून पडेपर्यंत. हे नाव जिमी रॉजर्सचं आहे. मिसिसिपीतला रेल्वे कामगार, अमेरिकी कंट्री संगीताचा पहिला मोठा गायक, १९३३ मध्ये क्षयाने गेलेला. त्याच्या तबकड्या ग्रामोफोनसोबत केनियाच्या डोंगराळ भागात पोचल्या होत्या. किप्सिगिस जिभेवर 'जिमी रॉजर्स'चा 'चेमिरोचा' झाला, आणि मुलींनी त्या न पाहिलेल्या माणसाला आपल्या रानातलं शरीर दिलं.

हे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते लागोपाठ चार वेळा ऐकलं. त्यात जिमी रॉजर्सची एकही चाल नाही. त्याचं यॉडलिंग, म्हणजे गाता गाता आवाज एकदम वरच्या पट्टीत उडवणं, नाही, गिटार नाही. आहे ते फक्त नाव, आणि त्या नावाभोवती रचलेलं एक संपूर्ण नवं गाणं. तरीही आफ्रिकेतल्या जुन्या रॉक अँड रोलविषयी, ट्विस्टविषयी, तिथल्या गिटारच्या गाण्यांविषयी जे लिहिलं जातं त्यात हे उदाहरण 'अमेरिकी प्रभाव' या मथळ्याखाली येतं. या शब्दाशी माझं भांडण आहे. पाणी जसं उताराकडे वाहतं तसा प्रभाव 'पडतो', आणि ज्याच्यावर पडतो त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही, असं हा शब्द सुचवतो. लिव्हरपूल आणि लंडनच्या मुलांनी चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांची गाणी घोटली, तेव्हा इतिहासाने त्यांना नवनिर्माते म्हटलं. त्याच काळात नैरोबी, बुलावायो आणि जोहान्सबर्गच्या मुलांनी तेच केलं, तर ती नक्कल. हा भेद नुसत्या शब्दांचा असता तर सोडून दिला असता. पण कुणाला कर्ता म्हणायचं यावरच पैसे कुणाला मिळणार हे ठरलं, आणि आजही ठरतं.

आधी हे अमेरिकी संगीत नेमकं कोणत्या अमेरिकेचं, ते पाहू. जिमी रॉजर्सने ब्लूज उचलला तो रुळांवर काम करणाऱ्या काळ्या मजुरांकडून. १९३० मध्ये त्याने एक यॉडल ध्वनिमुद्रित केलं, त्यात ट्रम्पेट वाजवलं लुई आर्मस्ट्राँगने. रॉक अँड रोलही ब्लूज, गॉस्पेल आणि बूगी-वूगीतूनच आला, म्हणजे गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांकडून. बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. म्हणून 'आफ्रिकेचंच आफ्रिकेला परत मिळालं' असं म्हणायचा मोह होतो. मला ते वाक्य फार सोपं वाटतं. जोहान्सबर्गच्या पोराला पश्चिम आफ्रिकेतलं अडीचशे वर्षांपूर्वीचं काही परत नको होतं. त्याला १९५६ चं काहीतरी हवं होतं.

का हवं होतं, याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेत सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९४८ पासून वर्णभेदी सरकारचं म्हणणं असं की काळ्या माणसाचं खरं स्थान त्याच्या जमातीच्या गावात आहे, शहरात तो फक्त मजुरीपुरता आलेला आहे. ९ फेब्रुवारी १९५५ ला जोहान्सबर्गमधलं सोफियाटाऊन रिकामं करायला सुरुवात झाली. जिथे जॅझचे वाद्यवृंद होते, जिथले लोक अमेरिकी सिनेमे पाहून टोप्या तिरप्या घालत, ती वस्तीच उखडली. १९६० च्या सुमारास सरकारी नभोवाणीची 'रेडिओ बांटू' ही सेवा उभी राहिली. तिथे प्रत्येक भाषेचा कप्पा वेगळा, आणि प्रत्येक कप्प्यात त्या त्या जमातीचं म्हणून ठरवलेलं संगीत. झुलू, सोथो आणि शहरी बोली एकत्र मिसळलेलं गाणं तिथे चालत नसे. संस्कृतीचं रक्षण करतो आहोत, असं त्यावरचं स्पष्टीकरण.

ही गोष्ट मी वारंवार आठवतो. 'तुमचं अस्सल संगीत जपा, परक्याची नक्कल करू नका' हे वाक्य त्या देशात राज्यकर्त्याच्या तोंडी होतं. अशा ठिकाणी सॅक्सोफोन फुंकणं किंवा अमेरिकी रॉक अँड रोल गायक बिल हॅलीच्या थाटात पाय हलवणं म्हणजे 'मी या शहराचा आहे' असं सांगणं होतं. मिल्स ब्रदर्स या अमेरिकी गायकगटाच्या धर्तीवर सूट चढवून चौघांनी गाणाऱ्या मॅनहॅटन ब्रदर्सनी आपल्या नावातच एक शहर घेतलं. त्यांना न्यूयॉर्कचं वेड होतं हे खरं. पण वेडापलीकडे त्या नावात एक दावा होता, आणि तो दावा सरकारला बरोबर कळला होता.

संगीतातही जे घडलं ते कान देऊन ऐकावं. रॉक अँड रोलचा नेहमीचा साचा ब्लूजचा : बारा आवर्तनांचा फेरा, कडवं, पुन्हा फेरा. जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर वाजणाऱ्या 'क्वेला' या संगीतात तो साचा दिसत नाही. तिथे चार आवर्तनांचं छोटं चक्र आहे, तीनच मुख्य स्वरमेळांचं, आणि ते न थांबता फिरत राहतं. आपल्याकडच्या वाचकाला समजेल असं सांगायचं तर तो लेहरा आहे. सारंगीवाला लेहरा धरून बसतो आणि तबलजी त्यावर उभा राहतो. इथे गिटार चक्र धरून बसते आणि वर बासरी धावते. हे चक्र जुन्या 'माराबी'चं, दारूच्या गुत्त्यांतल्या पियानोचं आणि पेटीचं. अमेरिकेकडून आला तो लयीचा झोका, सॅक्सोफोनची तऱ्हा आणि नाचाची गती. पाया घरचाच राहिला.

आणि वाद्य कोणतं, तर पेनी व्हिसल, पत्र्याची सहा भोकांची बासरी. स्वस्त, खिशात मावणारी. पोरं ती तोंडात किंचित तिरकी धरत, म्हणजे आवाज जाड होई आणि स्वर वाकवता येई. स्पोक्स माशियाने हा त्यातला सगळ्यात मोठा वादक. १९५४ पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या, आणि पोलिसांनी हुसकावेपर्यंत फुटपाथवर वाजवणारी शेकडो मुलं त्याची नक्कल करू लागली. इथे 'नक्कल' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आफ्रिकेतली मुलं सर्वाधिक नक्कल करत होती ती आफ्रिकेतल्याच एका वादकाची.

१९५८ मध्ये याच बासऱ्यांची एक तबकडी, एलायस अँड हिज झिग-झॅग जाइव्ह फ्लूट्स यांची 'टॉम हार्क', ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. सुरुवातीला संगीत नाहीच. पोरं रस्त्यात जुगार खेळताहेत, पोलिसांची गाडी येते, आणि फासे लपवून बासऱ्या बाहेर निघतात. ब्रिटिश श्रोत्यांनी ही गंमत म्हणून ऐकली. ती रोजची हकिगत होती. गाण्याचा कर्ता म्हणून नाव लागलं कंपनीचे निर्माते रूपर्ट बोपापे यांचं, वाजवणाऱ्यांचं नाही.

नैरोबीची कथा निराळी. चबी चेकरच्या 'ट्विस्ट'ची लाट १९६० नंतर जगभर गेली, तशी तिथेही आली. तिथे इक्वेटर साउंड या कंपनीच्या स्टुडिओत दाऊदी काबाका, फाधिली विल्यम, जॉन न्झेंझे अशी मंडळी होती. त्यांनी ट्विस्टचं नाव घेतलं, पण ताल घेतला तो पुष्कळसा दक्षिण आफ्रिकेच्या क्वेलाचा, आणि गायले स्वाहिलीत. दोन गिटारी अशा बोलतात की एक दुसरीचं वाक्य पुरं करते. म्हणजे नैरोबीच्या ट्विस्टवर अमेरिकेइतकाच जोहान्सबर्गचा ठसा आहे. पण जोहान्सबर्गचं नाव 'प्रभाव' म्हणून कोण घेतो? आफ्रिकेतल्या एका शहराने दुसऱ्या शहराकडून काही शिकावं, ही शक्यता आपल्या डोक्यातच येत नाही. प्रभाव नेहमी समुद्रापलीकडून यायला हवा. काबाकाचं 'हेलुले हेलुले' पुढे ट्रेमेलोज या इंग्रजी बँडने गायलं आणि १९६८ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर पोचलं. त्याला मात्र 'केनियाचा प्रभाव' म्हणायची पद्धत नाही.

आता उलट दिशेचा प्रवास पाहा, कारण माझं म्हणणं तिथेच उभं राहतं. ऑगस्ट मुसारूर्वा हा दक्षिण ऱ्होडेशियातला, आजच्या झिम्बाब्वेतला सॅक्सोफोनवादक. बुलावायोच्या कोल्ड स्टोरेज कमिशनचा नाचासाठी वाजवणारा एक काळ्या वादकांचा वाद्यवृंद होता, त्याच्यासोबत त्याने 'स्कोकियान' ही धून वाजवली. स्कोकियान म्हणजे चोरून गाळायची दारू. तिच्यासाठी धाडी पडत, बायका तुरुंगात जात. १९५४ मध्ये ही तबकडी अमेरिकेत पोचली आणि मूळ ध्वनिमुद्रणच तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेलं. मग एकामागून एक अमेरिकी वाद्यवृंदांनी ती उचलली. फोर लॅड्स या गायकगटाच्या आवृत्तीसाठी इंग्रजी शब्द लिहिले गेले, त्यात आफ्रिका म्हणजे सदा हसणारं, ढोल बडवणारं एक रान झालं. धाड गेली, तुरुंग गेला. लुई आर्मस्ट्राँगनेही त्याच वर्षी ती वाजवली. आणि १९५९ मध्ये 'स्कोकियान' वाजवली खुद्द बिल हॅलीने. रॉक अँड रोल जगभर नेण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, तोच हा माणूस, बुलावायोची धून वाजवतो आहे. मग प्रभाव कुणाचा कुणावर?

मॅनहॅटन ब्रदर्सचं तसंच. 'लाकुत्शोन इलांगा' हे खोसा भाषेतलं गाणं, संगीत मॅके दावाशेचं. दिवस मावळला तरी प्रिय व्यक्ती घरी आलेली नाही, म्हणून तिला घराघरांत, इस्पितळांत, तुरुंगांत शोधत जाईन, असं ते गाणं सांगतं. काळ्या माणसाला सतत परवाना जवळ बाळगायला लावणारे पासचे कायदे ज्या देशात आहेत तिथे माणूस संध्याकाळी परतला नाही की हीच ठिकाणं शोधायची असतात. १९५६ मध्ये मिरियम माकेबाच्या आवाजासह त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि अमेरिकी यादीत पंचेचाळिसाव्या स्थानापर्यंत गेली. तिचे शब्द होते, 'तू किती गोड खोटं बोलतोस'. तुरुंग पुन्हा गेला.

माझ्या मनात हे दोन प्रवास असे शेजारी शेजारी राहतात. अमेरिकेचं गाणं आफ्रिकेत आलं तेव्हा त्यात काही घातलं गेलं : अर्धं हरीण, पोलिसांची गाडी, स्वाहिली शब्द, शहरावरचा हक्क. आफ्रिकेचं गाणं अमेरिकेत गेलं तेव्हा त्यातून काही काढलं गेलं. नक्कल करणारा कोण, हे यावरून ठरवायचं असेल तर निकाल आजच्या समजुतीच्या उलट लागेल.

काढलं गेलं त्यात पैसा सगळ्यात आधी येतो. सॉलोमन लिंडाची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, पण तिचा कायदेशीर भाग क्वचित सांगितला जातो. १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या गॅलो स्टुडिओत त्याने आपल्या ईव्हनिंग बर्ड्ससोबत 'म्बुबे', म्हणजे सिंह, हे गाणं मुद्रित केलं. शेवटच्या काही सेकंदांत त्याने वरच्या पट्टीत एक ओळ उत्स्फूर्तपणे गायली. जग ज्या चालीवर आजही डोलतं ती हीच. लिंडा त्याच गॅलो कंपनीत तबकड्या बांधायच्या कामावर होता. गाण्याचे हक्क त्याने दहा शिलिंगांना देऊन टाकले. तबकडी अमेरिकेत लोकगायक पीट सीगरकडे पोचली, 'उयिम्बुबे'चं ऐकण्यात 'विमोवेह' झालं, आणि १९६१ मध्ये टोकन्स या गटाने त्याचं जगप्रसिद्ध गाणं केलं, झोपलेल्या सिंहाचं. लिंडा १९६२ मध्ये कंगाल स्थितीत गेला. त्याच्या थडग्यावर दगड बसायलाही कित्येक वर्षं लागली.

लिंडाच्या मुलींना न्याय मिळाला तो एका जुन्या तरतुदीमुळे. १९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार, लेखकाने हक्क विकले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. हा कायदा दक्षिण आफ्रिकेतही लागू होता. त्याच्या आधारे २००४ मध्ये डिस्नेवर दावा झाला, कारण त्यांच्या सिंहाच्या सिनेमात ते गाणं होतं. २००६ मध्ये तडजोड झाली आणि मुलींना मोबदला मिळू लागला. चव्वेचाळीस वर्षं उशिरा, पण मिळाला. कारण तबकडीवर लिंडाचं नाव होतं आणि तो कर्ता आहे हे दाखवता आलं. 'टॉम हार्क'च्या मुलांना हे कधी दाखवता आलं असतं?

असं फक्त आफ्रिकेतच झालं असंही नाही. एल्विस प्रेस्लीने गाजवलेलं 'दॅट्स ऑल राइट' लिहिणाऱ्या आर्थर क्रडप या काळ्या अमेरिकी गायकाला त्या यशातून हक्काचा वाटा आयुष्यभर मिळाला नाही. अमेरिकेहून आफ्रिकेत गेलेल्या गोष्टींत हा करारही मोजायला हवा : एकरकमी पैसे घे, सही कर, विसरून जा. स्पोक्स माशियानेला १९५८ मध्ये कंपनी बदलताना रॉयल्टी मिळाली, आणि काळ्या वादकाला ती मिळणं ही तिथे पहिलीच वेळ मानली जाते. तोवर त्याच्या तबकड्या चार वर्षं धो धो विकल्या जात होत्या.

या विषयाशी आपला संबंध दुरून पाहणाऱ्याचा नाही. झांझिबारची सिती बिंती साद १९२८ मध्ये आपल्या साथीदारांसह जहाजाने आली ती मुंबईत. पूर्व आफ्रिकेतल्या स्त्रीच्या आवाजाचं पहिलं ध्वनिमुद्रण इथे झालं, एचएमव्हीसाठी. झांझिबारच्या सुलतानाच्या बँडमध्ये गोव्याचे वादक होते. केनियात तबकड्यांची दुकानं आणि कंपन्या चालवणाऱ्यांत भारतीय व्यापारी होते. केरिचोची चांदाराणा आणि मोंबासाची असानंद ही नावं तिथल्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहेत. कपकटेट त्याच केरिचो भागात आहे.

शुद्धतेचा आग्रहही आपल्याला अनोळखी नाही. १९५२ मध्ये पुण्याचे बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. दक्षिण आफ्रिकेतले तरुण त्याच सुमारास मोझांबिकमधून वाजणाऱ्या लोरेन्सो मार्किसच्या रेडिओकडे कान लावून बसत होते. केसकरांचा हेतू वर्णभेदी नव्हता, आणि अभिजात संगीताला त्यांनी जे दिलं त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तुलना एवढ्यापुरतीच की दोन्हीकडे वरून कुणीतरी ठरवत होतं, लोकांचं खरं संगीत कोणतं. आणि त्याच वर्षांत पुणतांब्याचे सी. रामचंद्र गोव्याच्या वादकांना घेऊन 'ईना मीना डीका' करत होते, १९५७ मध्ये. त्यातल्या 'माका नाका'त कोकणी आहे, असं सांगतात. हे गाणं ऐकून कुणी आज 'अमेरिकी प्रभावाखालचं' म्हणून बाजूला ठेवत नाही. ते आपलं आहे. मग हाच न्याय दाऊदी काबाकाला का नको?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. सरळ सरळ नक्कलही भरपूर झाली. घाना आणि नायजेरियात परदेशी तबकडी जशीच्या तशी वाजवण्याला वादक स्वतःच 'कॉपीराइट' वाजवणं म्हणत. कायद्यातला शब्द त्यांच्याकडे नेमक्या उलट अर्थाने रुळला होता. स्वस्त गिटार आल्यावर कित्येक जुनी तंतुवाद्यं कोपऱ्यात गेली, हेही खरं. त्याचं मला दुःख आहे. पण खाणींच्या वसतिगृहांनी, पासच्या कायद्यांनी आणि बुलडोझरनी जे मोडलं त्याचं खापर गिटारवर फोडू नये. आणि घोटून घोटून परक्याचं वाजवणं हा शिकण्याचा मार्ग आहे. बंदिश गिरवल्याशिवाय कुणी गायक झालेला नाही.

राहतो तो आजचा प्रश्न. या जुन्या तबकड्या आता युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या छोट्या कंपन्या नव्याने काढत आहेत, सुंदर वेष्टनांत. दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांनी संपतो. म्हणजे १९५८ ची तबकडी तिथे २००८ च्या अखेरीस मोकळी झाली. गाण्याच्या रचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या हयातीनंतरही चालू राहतो, आणि म्हणून रचनाकार कोण हे ठरवणं आजही पैशाचा प्रश्न आहे. लेबलवर निर्मात्याचं नाव छापलेलं आहे तोवर वादकाच्या नातवंडांना काही मिळत नाही. दक्षिण आफ्रिका आणि केनिया यांनी ही नावं पुन्हा तपासण्याचं काम सरकारी खर्चाने हाती घ्यावं, असं मला वाटतं. ती नावं ठाऊक असणारे शेवटचे लोक नव्वदीला टेकले आहेत. पुनर्प्रकाशन करणाऱ्यांनी वारस शोधण्याचा खर्च आधी करावा, वेष्टनाचा नंतर. आणि लिंडाच्या मुलींना १९११ च्या कायद्याने जे दिलं, तसं काही नव्या कायद्यांतही असावं. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा सिनेगीतांवरच्या रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येणार नाही असा केला. तेव्हा उद्योग बुडेल अशी ओरड झाली होती. उद्योग बुडाला नाही.

हे होऊ शकतं याची एक लहानशी खूण आहे. ट्रेसीचा संग्रह दक्षिण आफ्रिकेतल्या मखांडाच्या (पूर्वीचं ग्रॅहॅम्सटाऊन) आंतरराष्ट्रीय आफ्रिकी संगीत संग्रहालयात आहे. गेल्या दशकात तिथली मंडळी नैरोबीच्या केतेबुल म्युझिक या संस्थेसोबत किप्सिगिस गावांत परत गेली, १९५० ची ध्वनिमुद्रणं बरोबर घेऊन. त्या वेळी गायलेला एक माणूस तेव्हा हयात होता. पासष्ट वर्षांनी त्याला स्वतःचा तरुण आवाज ऐकायला मिळाला, चेमिरोचाचं नाव घेत असलेला.